बातमी ही अमानत आहे : शहानिशा, पाळत आणि जाब



दिव्य कुरआनातील सूरह अल्-हुजुरात ही अवघ्या १८ आयतींची, मदीनेत अवतरलेली सूरह आहे. माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, एकमेकांची अब्रू कशी जपावी, हा तिचा मुख्य विषय. तिच्या सहाव्या आयतीत बातमीसंबंधी आज्ञा आहे आणि बाराव्या आयतीत पाळतीसंबंधी. मिळालेली खबर आधी पडताळून पाहा, ही पहिली आज्ञा. लोकांची गुपिते शोधत फिरू नका, ही दुसरी. आजची वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि भ्रमणध्वनीवरून क्षणोक्षणी येणाऱ्या बातम्या यांचा विचार करताना या दोन्ही आयती एकत्र वाचाव्या लागतात. बातमीदारीतील बहुतेक अपराध याच दोन दारांनी आत येतात. जे तपासायला हवे ते तपासले जात नाही आणि जिथे डोकावू नये तिथे डोकावले जाते.

या पाठात आपण तीन प्रश्नांचा विचार करू. बातमी गोळा करणाऱ्याकडून शरीअत कशाची अपेक्षा करते? आपल्या राज्यात या अपेक्षेचा भंग झाला तेव्हा काय घडले? आणि अशा भंगाचा जाब कोणाला, कोठे आणि कसा द्यावा लागतो?

सहावी आयत : तपासणीची आज्ञा

सहाव्या आयतीच्या अवतरणाचा प्रसंग तफसीरकारांनी दिला आहे. बनू मुस्तलिक या टोळीकडून जकात गोळा करण्यासाठी एक इसम पाठवण्यात आला. टोळीतील लोक त्याच्या स्वागतासाठी गावाबाहेर आले. त्या जमावाला पाहून तो घाबरला, अर्ध्या वाटेतून परतला आणि त्या लोकांनी जकात नाकारली, ते आपल्या जिवावर उठले होते, अशी खबर त्याने मदीनेत दिली. वातावरण तापले. युद्धाची वेळ येते की काय, अशी स्थिती निर्माण झाली. प्रत्यक्ष चौकशी झाली तेव्हा कळले की, ती टोळी श्रद्धेवर कायम होती आणि जकात देण्यासच ती पुढे आली होती. या पार्श्वभूमीवर अल्लाह तआलाने श्रद्धावंतांना फर्मावले की, बेभरवशाचा माणूस खबर घेऊन आला तर तिची शहानिशा करा. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा पोहोचवाल आणि नंतर आपल्याच कृत्याचा पश्चात्ताप करत बसाल.

या आयतीतील एक बारकावा लक्षात घ्यावा. खबर आणणारा माणूस गर्दी जमल्याचे सांगत होता, ते खोटे नव्हते. गर्दी खरोखरच जमली होती. चूक झाली ती गर्दीचा अर्थ लावण्यात. डोळ्यांनी पाहिलेली घटना खरी असूनही तिच्यावरून रचलेली बातमी खोटी असू शकते. म्हणूनच ‘मी स्वतः पाहिले’ एवढे म्हटल्याने बातमीदाराची सुटका होत नाही. ज्यांच्याविषयी बातमी आहे, त्यांना विचारले का, हाही प्रश्न उरतोच. हजरत अली (रजि.) यांना न्यायदानासाठी पाठवताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हीच शिकवण दिली होती. एका पक्षाचे ऐकल्यावर दुसऱ्याचे ऐकून घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये, असा त्या हदीसचा आशय आहे.

आपल्या पूर्वसूरींनी या एका आज्ञेवर संपूर्ण शास्त्र उभारले. हदीस सांगणाऱ्याला प्रथम विचारले जाई की, तू हे कोणाकडून ऐकलेस? त्याने कोणाकडून ऐकले? सांगणाऱ्यांची ही साखळी म्हणजे इस्नाद. साखळीतील प्रत्येक व्यक्तीची स्मरणशक्ती, सचोटी आणि चारित्र्य तपासणारी शाखा म्हणजे जरह व तअदील. दोन माणसांची प्रत्यक्ष भेट होणे कालमानाने शक्य होते का, इथपर्यंत तपास होई. इमाम बुखारी (रह.) यांच्या संग्रहात पुनरुक्तीसह सात हजारांहून अधिक हदीस आहेत, मात्र त्यांनी गोळा केलेल्या आणि बाजूला ठेवलेल्या रिवायतींची संख्या याहून कितीतरी मोठी होती. ‘सूत्रांकडून समजते’ असे म्हणून कोणाच्याही माथी अपराध मारणाऱ्या बातमीदारीला या शास्त्रात स्थान नाही. आपले सूत्र जगापासून गुप्त ठेवण्यास कोणाची हरकत नसावी. पण ते विश्वासार्ह आहे की नाही, हे स्वतः तपासण्याच्या जबाबदारीतून कोणीच मुक्त होत नाही.

अहमदनगरच्या मशिदी आणि औरंगाबादचा निकाल

आता आपल्या राज्यातील उदाहरण पाहू. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरत असताना दिल्लीच्या निजामुद्दीन येथील तबलिगी मर्कजमध्ये देशविदेशांतील लोक जमले होते. त्यांपैकी अनेकांना संसर्ग झाला, ही वस्तुस्थिती होती. ती सांगणे बातमीदारांचे कर्तव्य होते आणि अशा प्रसंगी मोठा जमाव टाळायला हवा होता की नाही, असा प्रश्न विचारण्यातही काही गैर नव्हते. परंतु पाहता पाहता आजाराच्या बातमीची जागा कटाच्या बातमीने घेतली. कोरोनाला ‘जिहाद’ हा शब्द जोडला गेला. जुन्या आणि भलत्याच ठिकाणच्या चित्रफिती नव्या म्हणून फिरल्या. त्यांची शहानिशा करणारे होते. पण खुलासा पोहोचण्यापूर्वी आरोप घराघरांत पोहोचला होता. त्या दिवसांत हातगाडीवर भाजी विकणाऱ्याला भाव विचारण्याआधी नाव विचारले जाऊ लागले, हे आपण विसरलेलो नाही.

याच काळात अहमदनगर जिल्ह्यातील मशिदींत मुक्कामी असलेल्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदवले गेले. हे लोक आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतून आले होते. त्यांच्याबरोबर त्यांना आसरा देणाऱ्या भारतीयांनाही आरोपी करण्यात आले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. शेवलीकर यांच्या खंडपीठाने २९ परदेशी नागरिक आणि सहा भारतीय यांच्यावरील गुन्हे रद्द केले. निजामुद्दीनच्या मर्कजमध्ये आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून मोठा प्रचार करण्यात आला आणि देशात कोरोना पसरण्यास तेच जबाबदार असल्याचे चित्र उभे करण्याचा प्रयत्न झाला, असे निकालपत्रात नोंदवले गेले. साथ किंवा आपत्ती आली की राजकीय सत्ता बळीचा बकरा शोधू पाहते आणि या परदेशी लोकांना त्यासाठी निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असेही त्यात म्हटले आहे. न्यायमूर्ती शेवलीकर यांनी निकालाशी सहमती दर्शवून काही निरीक्षणांबाबत आपले वेगळे मत नोंदवले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कारण सोयीचे तेवढेच सांगणे ही बातमीतील खियानतच आहे.

या निकालातील एक निरीक्षण धर्माच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. संबंधितांनी आता या कारवाईबद्दल पश्चात्ताप करावा आणि झालेली हानी भरून काढण्यासाठी काही ठोस पावले उचलावीत, अशा आशयाचे मत न्यायालयाने नोंदवले. सहाव्या आयतीच्या अखेरीस ज्या पश्चात्तापाचा इशारा आहे, तोच शब्द चौदा शतकांनंतर आपल्याच राज्यातील एका न्यायालयाच्या लेखणीतून उतरला.

पुढे १७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही मर्कज प्रकरणात ७० भारतीयांविरुद्धची १६ प्रकरणे रद्द केली. आरोपाला काही तास लागले होते, त्याच्या निरसनाला पाच वर्षे लागली. ज्यांनी २०२० मध्ये दिवसरात्र आरोप ऐकले, त्यांपैकी किती जणांच्या कानी हा निकाल पडला, याचा अंदाज वाचकांनीच करावा. मालेगावचा अनुभवही असाच आहे. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांची नावे आणि छायाचित्रे तपास यंत्रणेच्या शब्दावर विसंबून छापली गेली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मधल्या दहा वर्षांत त्यांच्या मुलांना शाळेत आणि आईवडिलांना गल्लीत काय ऐकावे लागले असेल, त्याची नोंद कोणत्याही वृत्तपत्राच्या दप्तरात नाही. ती नोंद किरामन कातिबीन यांच्याकडे आहे.

बारावी आयत : कान आणि डोळा

आता दुसऱ्या दाराकडे वळू. बाराव्या आयतीत अल्लाह तआलाने तीन गोष्टींना मनाई केली आहे : वाईट संशय, तजस्सुस आणि पाठीमागची निंदा. या क्रमातही शिकवण आहे. माणूस आधी संशय धरतो, मग संशयाला पुरावा मिळावा म्हणून पाळत ठेवतो आणि जे हाती लागेल ते लोकांत पसरवतो. तजस्सुस म्हणजे दुसऱ्याचे झाकलेले उकरून काढण्यासाठी केलेली टेहळणी. सनसनाटी बातमीदारीची सगळी हत्यारे या एका शब्दात मावतात.

प्रेषितांनी (स.) या मनाईचा तपशील कान आणि डोळा अशा दोन्ही अंगांनी दिला आहे. सहीह बुखारीतील एका हदीसचा आशय असा की, लोकांना नको असताना जो त्यांचे बोलणे चोरून ऐकतो, त्याच्या कानात कयामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल. दुसऱ्या प्रसंगी एक माणूस प्रेषितांच्या (स.) घराच्या दारातील फटीतून आत पाहत होता. तेव्हा आपण फर्मावले की, घरात शिरण्यापूर्वी परवानगी घेण्याचा नियम नजरेसाठीच तर ठरवला गेला आहे. सूरह नूरमधील परवानगीचा आदेश पायांनी आत जाण्यापुरता नसून डोळ्यांनी आत जाण्यालाही लागू आहे, हे यावरून स्पष्ट होते. कॅमेरा हा दूरवर पोहोचणारा डोळा आहे आणि ध्वनिमुद्रक हा लांबलेला कान. साधन बदलले म्हणून हुकूम बदलत नाही.

चोरून ऐकण्याचे जगभर गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. १८४३ साली सुरू झालेले ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे साप्ताहिक खपाच्या बाबतीत अग्रेसर होते. त्याच्यासाठी काम करणारे लोक नामवंतांच्या भ्रमणध्वनीवरील ध्वनिसंदेश चोरून ऐकत. जानेवारी २००७ मध्ये त्याच्या एका बातमीदाराला आणि एका खासगी गुप्तहेराला तुरुंगवास झाला, तेव्हा हे एकट्यादुकट्याचे दुष्कृत्य असल्याचे सांगून वेळ मारून नेण्यात आली. जुलै २०११ मध्ये ‘द गार्डियन’ या दैनिकाने उघड केले की, २००२ साली बेपत्ता झालेल्या आणि नंतर खून झाल्याचे निष्पन्न झालेल्या एका १३ वर्षांच्या मुलीच्या फोनवरील संदेशही असेच ऐकले गेले होते. इंग्लंड संतापाने उसळले. १० जुलै २०११ रोजी १६८ वर्षांच्या त्या पत्राचा शेवटचा अंक निघाला. न्यायमूर्ती लेव्हसन यांच्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबर २०१२ मध्ये आला आणि जुलै २०१४ मध्ये त्या पत्राच्या एका माजी संपादकाला १८ महिन्यांची शिक्षा झाली. या प्रकरणात आणखी एक धडा आहे. मुलीचे काही संदेश त्या बातमीदारांनीच पुसले, असे गार्डियनने आरंभी लिहिले होते. पोलिसांच्या पुढील तपासात ते टिकले नाही, तेव्हा त्या दैनिकाने स्वतःच्या बातमीत दुरुस्ती केली. दुसऱ्याचा अपराध उघड करणाऱ्यालाही शहानिशेच्या आज्ञेतून सूट मिळत नाही.

डोकावणाऱ्या डोळ्याचे उदाहरण मुंबईत घडले. १४ जून २०२० रोजी अभिनेते सुशांत सिंह राजपूत यांचा मृत्यू झाला. पुढचे कित्येक आठवडे वाहिन्यांनी स्वतःच तपास अधिकारी, फिर्यादी वकील आणि न्यायाधीश यांच्या भूमिका घेतल्या. मृतदेहाची छायाचित्रे फिरवली गेली, खासगी संदेश पडद्यावर वाचून दाखवण्यात आले, चौकशीला जाणाऱ्या माणसांच्या गाड्यांचा पाठलाग झाला. याविरुद्ध काही निवृत्त पोलीस अधिकारी आणि नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८ जानेवारी २०२१ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती जी. एस. कुलकर्णी यांच्या खंडपीठाने माध्यमांनी काय टाळावे, याची यादीच दिली. मृत व्यक्तीला दुर्बल चारित्र्याची म्हणून रंगवणे, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवणे, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून प्रसिद्ध करणे, आरोपीच्या चारित्र्याविषयी पूर्वग्रह निर्माण करणे अशा गोष्टींचा तिच्यात समावेश आहे. मयताचे दोष झाकावेत, त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, हा आपल्या जनाजाच्या अदबीचा भाग आहे. जी सभ्यता आपण कब्रस्तानात पाळतो, तीच बातमीत पाळावी, एवढाच या निर्देशाचा अर्थ आहे.

अन्याय उघड करणे निषिद्ध आहे काय?

इथे एक रास्त शंका उपस्थित होते. लोकांचे दोष झाकायचे, पाळत ठेवायची नाही, निंदा करायची नाही, तर मग भ्रष्टाचार आणि जुलूम उघडकीस कसे येणार? शरीअत जुलमी माणसाला पडदा पुरवते काय?

मुळीच नाही. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीचा आशय असा की, वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला पसंत नाही. मात्र ज्याच्यावर जुलूम झाला, त्याची गोष्ट वेगळी. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये दुसऱ्याचा दोष सांगणे ज्यांत वैध ठरते असे सहा प्रसंग गणले आहेत : अन्यायाची दाद मागणे, वाईट रोखण्यासाठी समर्थ व्यक्तीची मदत घेणे, फतवा विचारणे, लोकांना धोक्यापासून सावध करणे, उघडपणे पाप वा जुलूम करणाऱ्याच्या त्याच कृत्याविषयी बोलणे आणि केवळ ओळख पटावी म्हणून एखाद्याचे प्रचलित विशेषण वापरणे. शोधपत्रकारितेची खरी भूमी यांतील पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या प्रसंगांत आहे. कसोटी सोपी आहे. उघड होणाऱ्या गोष्टीशी जनतेचा हक्क किंवा सुरक्षितता जोडलेली आहे काय? असेल तर ती पुराव्यानिशी सांगणे ही शहादत, म्हणजे साक्ष आहे. केवळ लोकांचे कुतूहल शमत असेल, तर तो तजस्सुस आहे.

आपल्या राज्याच्या इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’ने तत्कालीन मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्याशी निगडित प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि त्या काळी टंचाईत असलेल्या सिमेंटचे वाटप यांच्यातील संबंध कागदपत्रांच्या आधारे मांडला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय विरोधात गेल्यावर त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्यावरील फौजदारी खटला पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या न्यायालयांत चालला. अंतुले हे महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री होते, म्हणून ती बातमी शत्रुत्व ठरत नाही. सूरह निसाची १३५ वी आयत तर स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध आणि नातलगांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्यास सांगते. सार्वजनिक पदाचा हिशेब मागणारी बातमी आपल्या माणसाविरुद्ध असली तरी स्वीकारावी लागते. तसे नसेल, तर मर्कजच्या प्रकरणात न्याय मागण्याचा आपला स्वर पोकळ ठरेल.

इफ्कची घटना : जाब कसा घेतला गेला

बातमीच्या अपराधाचा जाब कसा घ्यावा, याचा वस्तुपाठ सूरह नूरमध्ये आहे. बनू मुस्तलिकच्याच मोहिमेवरून परतताना उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांचा हार हरवला. त्या शोधण्यास थांबल्या, काफिला पुढे निघून गेला. मागून येणाऱ्या हजरत सफवान (रजि.) यांनी त्यांना आपल्या उंटावर बसवून, स्वतः लगाम धरून चालत, काफिल्यापर्यंत पोहोचवले. एवढ्याशा घटनेवरून दांभिकांनी बोहतान रचले आणि जवळपास महिनाभर मदीनेत कुजबुज चालली. अखेरीस स्वतः अल्लाह तआलाने त्यांची निर्दोषता जाहीर केली.

त्या आयतींत अपराधाची विभागणी आहे. रचणारे वेगळे, जिभेवरून जिभेवर घेणारे वेगळे आणि ऐकून गप्प राहणारे वेगळे. प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा दोष आहे आणि ज्याने मोठा वाटा उचलला, त्याला मोठी शिक्षा आहे. आजच्या भाषेत, मालक, संपादक, बातमीदार आणि पुढे पाठवणारा वाचक यांपैकी एकालाही दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही. ज्या श्रद्धावंतांनी ती चर्चा केली, त्यांनाही रिवायतींनुसार शिक्षा झाली; श्रद्धेने त्यांना कायद्यातून सूट मिळवून दिली नाही. दुसरीकडे हजरत जैनब (रजि.) यांची भूमिका पाहा. त्या हजरत आयशा (रजि.) यांच्या सवत होत्या. त्यांच्याविषयी विचारणा झाली तेव्हा त्यांनी सांगितले की, मी माझे कान आणि डोळे जपते. मला त्यांच्याविषयी चांगलेच ठाऊक आहे. स्पर्धेत असूनही प्रतिस्पर्ध्याविषयी न पाहिलेले न सांगणे, हा आदर्श प्रत्येक वृत्तकक्षात टांगण्याजोगा आहे.

आणि तौबेचे काय? अल्लाहच्या हक्कातील चूक अल्लाह माफ करतो. पण माणसाची अब्रू हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा विषय आहे. ज्याची अब्रू गेली, त्याने माफ केल्याशिवाय तो हिशेब मिटत नाही. सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य लपवणाऱ्यांच्या तौबेसाठी तीन पायऱ्या आहेत : तौबा, सुधारणा आणि स्पष्टीकरण. यावरून कळते की, आरोप ज्या आवाजात केला, खुलासाही त्याच आवाजात केला पाहिजे. पहिल्या पानावर आठ रकान्यांत बदनामी करायची आणि आतल्या पानावर कोपऱ्यात दोन ओळींचा खुलासा छापायचा, याला तौबा म्हणत नाहीत.

या जगातील जाब

आखिरतचा हिशेब निश्चित आहे, म्हणून या जगातील दाद सोडून द्यावी, असे शरीअत सांगत नाही. आपल्या देशातील व्यवस्था वाचकांना माहीत असावी. १९७८ च्या कायद्यानुसार चालणारी भारतीय प्रेस परिषद वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. आधी संपादकाला लेखी कळवून खुलाशाची मागणी करावी लागते; दाद न मिळाल्यास दैनिक किंवा साप्ताहिकाविरुद्ध दोन महिन्यांच्या आत, कात्रण आणि पत्रव्यवहार जोडून परिषदेकडे तक्रार करता येते. परिषद चौकशी करून ताकीद देऊ शकते, निर्भर्त्सना करू शकते. दंड करण्याचा अधिकार तिला नाही. वाहिनीविरुद्ध प्रथम वाहिनीकडे आणि मग तिच्या स्वनियमन संस्थेकडे जावे लागते. बदनामीविरुद्ध न्यायालयाचा मार्ग वेगळा आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची किंवा कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा तर दंडनीय गुन्हा आहे.

ही व्यवस्था पुरेशी आहे काय? बेंगळुरूच्या काही जागरूक नागरिकांनी तबलिगी प्रकरणातील वार्तांकनाविरुद्ध वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे दाद मागितली. २०२१ मध्ये तिने एका कन्नड वाहिनीला एक लाख आणि दुसरीला पन्नास हजार रुपये दंड केला. सोलापुरात कन्नड वाहिन्या अनेक घरांत पाहिल्या जातात, म्हणून हे उदाहरण आपल्याला दूरचे नाही. एक लाख हीच तेव्हा दंडाची कमाल मर्यादा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा दंड परिणामकारक नसल्याचे मत व्यक्त केले. तरीही त्या तक्रारीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे अपराधाची अधिकृत नोंद झाली. संताप भिंतीवर आणि गटांत व्यक्त करून विरून जातो. तारखेनिशी, पुराव्यानिशी केलेली तक्रार कागदावर उरते.

आपल्या हातातील वृत्तपत्र

वाचकहो, इथपर्यंतचा पाठ दुसऱ्यांविषयी होता असे वाटले असेल, तर एक घटना आठवा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. मारले गेलेल्यांपैकी बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील होते. ती अफवा कोणत्याही संपादकाने छापली नव्हती. सामान्य घरांतील सामान्य बोटांनी, बहुधा चांगल्या हेतूने, ती पुढे ढकलली होती. मुलांच्या काळजीपोटी पाठवलेल्या संदेशाने पाच घरांतील बाप, भाऊ आणि मुलगे नेले.

सहीह मुस्लिमच्या प्रस्तावनेतील एका हदीसचा आशय असा आहे की, माणूस खोटा ठरण्यास एवढेच पुरे आहे की, त्याने ऐकलेले सारे काही सांगत सुटावे. बोलणारा खोटे रचतो, असे इथे म्हटलेले नाही. न तपासता सांगणे हेच खोटेपण आहे. आज प्रत्येक घरात एक छापखाना आहे आणि प्रत्येक जण त्याचा संपादक आहे. अपघातात सापडलेल्याला पाणी देण्याआधी त्याचे चित्रण करणे, कोणाच्या घरातील भांडण भिंतीआडून ध्वनिमुद्रित करणे, पळून गेलेल्या मुलीचे छायाचित्र नावगावासह गटांत टाकणे, इमदाद घेणाऱ्या विधवेचा चेहरा दाखवणे, या साऱ्या गोष्टी मोठ्या वाहिन्या करतात म्हणून आपण त्यांना दोष देतो आणि आपल्या मोहल्ल्यात त्याच घडतात.

म्हणून घरातील सर्वांनी, विशेषतः मुलांसमवेत बसून, पुढील पाच प्रश्न पाठ करावेत. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी ते स्वतःला विचारावेत :

१. हे कोणाकडून आले आणि त्याला कसे कळले? साखळी ठाऊक नसेल, तर संदेश तिथेच थांबवावा.

२. ज्याच्याविषयी आहे, त्याची बाजू मला माहीत आहे काय?

३. हे मिळवताना कोणाच्या घरात, फोनमध्ये किंवा दुःखात विनापरवानगी शिरकाव झाला आहे काय?

४. यात जनतेचे हित आहे, की केवळ चवीने ऐकण्याचा विषय आहे?

५. हे खोटे निघाले, तर ज्यांना पाठवले त्या प्रत्येकाला खुलासा पोहोचवण्याची माझी तयारी आहे काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या चारांच्या उत्तरांची गरजच उरत नाही.

ज्यांची मुले पत्रकारितेचे शिक्षण घेत आहेत, त्या पालकांना स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते की, या व्यवसायाला घाबरू नका. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हापासून मराठी पत्रकारितेने समाजाला आरसा दाखवण्याचे काम केले आहे. आरशाने चेहऱ्यावरचा डाग दाखवावा, नसलेला डाग लावू नये. अशा पत्रांत सचोटीने काम करणारी आपली मुले-मुली असतील, तर त्यांची लेखणी साक्ष ठरेल आणि साक्ष लपवणे हा आपल्या धर्मात गुन्हा आहे.

शेवटी प्रेषितांचे (स.) एक स्वप्न आठवू या. प्रेषितांचे स्वप्न सत्य असते. सहीह बुखारीत त्याचा वृत्तान्त आहे. त्यांना एक माणूस दाखवण्यात आला, ज्याचा गाल लोखंडी आकड्याने मानेपर्यंत फाडला जात होता. एक बाजू फाडून होईपर्यंत दुसरी भरून येई आणि पुन्हा फाडली जाई. विचारल्यावर सांगण्यात आले की, हा सकाळी घरातून निघे आणि असे खोटे बोले जे क्षितिजापर्यंत जाऊन पोहोचे. त्या काळी एका माणसाचे बोलणे क्षितिजापर्यंत जायला महिने लागत. आज एका बोटाच्या स्पर्शाने ते काही क्षणांत पोहोचते.

सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत कान, डोळा आणि अंतःकरण या तिघांचीही विचारणा होणार असल्याचे सांगितले आहे. हे अल्लाह, आमच्या कानांना चोरून ऐकण्यापासून, डोळ्यांना डोकावण्यापासून आणि अंतःकरणांना वाईट संशयापासून वाचव. ज्यांची अब्रू खोट्या बातम्यांनी लुटली गेली, त्यांना न्याय आणि धीर दे. आमच्या जिभांना, बोटांना आणि लेखण्यांना सत्याची अमानत पेलण्याची तौफीक दे. आमीन.